शोधाच्या दरबारात चित्रफीत

ज्या विषयाचे नाव निघताच साहित्यिकांच्या भुवया किंचित उंचावाव्यात आणि व्यापाऱ्यांनी मात्र खुर्ची पुढे ओढून बसावे, अशा विषयावरील पुस्तकाची प्रस्तावना लिहिण्याचे पत्करल्यावर, हा विषय मुळात गंभीर विचारास पात्र आहे काय, या प्रश्नाला आधी सामोरे जाणे प्राप्त होते. महाजालावर चढविलेली एखादी चित्रफीत शोध घेणाऱ्याच्या नजरेस पहिल्या चारपाचांत पडावी की शेकडो फितींच्या तळाशी राहावी, याचा निवाडा कोण करतो, कोणत्या पुराव्यावर करतो आणि तो पुरावा नीटपणे मांडण्यासाठी फीत करणाऱ्याने काय करावे, एवढाच वरवर पाहता या पुस्तकाचा मजकूर आहे. आणि तो ऐकून, ही जाहिरातदारांची विद्या, सरस्वतीच्या उपासकांना तिच्याशी काय कर्तव्य, असे म्हणून मोकळे होणारे विद्वान मला ठाऊक आहेत. त्यांचा आक्षेप मला मान्य नाही. द्राक्षवेलीची छाटणी, अनारशाचे पीठ, त्रिकोणमितीतील सिद्धता, सातबाराच्या उताऱ्यावरील फेरफाराची नोंद, या सर्व गोष्टी लोक आता वाचून नव्हे तर पाहून समजावून घेऊ लागले आहेत. अशा वेळी ज्ञान आणि ज्ञानेच्छू यांच्यामध्ये जो द्वारपाल उभा आहे, त्याचे नियम जाणून घेण्यात कमीपणा तो कसला?

एखादी वस्तू अस्तित्वात असणे आणि ती हाती लागणे, या दोहोंतील अंतर महाराष्ट्राला नवीन नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद रुमालांत बांधलेले होते, सरकारी बंदोबस्तात सुरक्षितही होते. परंतु रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड छापून निघेपर्यंत सामान्य अभ्यासकाच्या लेखी ते असून नसल्यासारखेच होते. कोणत्या रुमालात काय आहे याची फेरिस्त ज्याच्यापाशी नाही, त्याला दफ्तर उघडे असले तरी बंदच. चित्रफितीची अवस्था त्या कागदांहूनही बिकट, कारण कागदावर निदान अक्षरे असतात. प्रकाश आणि ध्वनी यांचा प्रवाह शोधयंत्राला दीर्घकाळ सर्वस्वी मुका होता, आणि त्या प्रवाहाच्या पोटात काय दडले आहे याचा तर्क, त्याच्याभोवती माणसाने स्वहस्ते लिहून ठेवलेल्या चार ओळींवरूनच त्याला करावा लागे. यूट्यूबने २००९ मध्ये इंग्रजी बोलण्याची आपोआप लेखी नक्कल उतरविण्यास आरंभ केला आणि तेव्हापासून यंत्राचा कान उत्तरोत्तर तिखट होत गेला, हे खरे. तथापि त्या चार ओळींची गरज आजही संपलेली नाही, आणि मराठी फितींच्या बाबतीत तर मुळीच नाही.

इतिहास थोडक्यात सांगतो. यूट्यूबवरील पहिली चित्रफीत २३ एप्रिल २००५ रोजी चढली. संस्थापकांपैकी एक, जावेद करीम, सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभे राहून त्यांच्या लांब सोंडांविषयी दोन शब्द बोलतात, एवढाच तो १९ सेकंदांचा प्रसंग. आणि त्याला दिलेले शीर्षक, आपण प्राणिसंग्रहालयात आहोत, एवढेच सांगणारे. शीर्षक आणि आशय यांच्यातला इतका प्रामाणिक मेळ पुढे फार थोड्या फितींनी राखला, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते. ऑक्टोबर २००६ मध्ये गूगलने १६५ कोटी डॉलर किमतीच्या समभागांच्या मोबदल्यात ही कंपनी खरेदी करण्याचे जाहीर केले, आणि मे २००७ पासून गूगलच्या शोधाच्या उत्तरांत पाने, बातम्या, चित्रे आणि चित्रफिती एकाच यादीत मिसळून येऊ लागल्या. तेव्हापासून प्रत्येक फितीची सुनावणी दोन दरबारांत होते: एक यूट्यूबचा स्वतःचा शोध आणि दुसरा गूगलचा व्यापक शोध. दोहोंचा मालक एक असला तरी दोहोंचा शिरस्ता एक नाही, आणि एका ठिकाणी मान मिळालेली फीत दुसऱ्या ठिकाणी उंबऱ्यावर तिष्ठत राहिल्याची उदाहरणे वाटेल तितकी सापडतात.

निवाडा पुराव्यावर होतो, तेव्हा पुरावा कोणता हे पाहिले पाहिजे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात जी पद्धत मांडली, तिच्यात एका पानाची योग्यता त्याच्याकडे निर्देश करणाऱ्या इतर पानांच्या साक्षीवरून ठरत असे. विद्वानांनी परस्परांचे ग्रंथ उद्धृत करावेत आणि त्यावरून ग्रंथाची प्रतिष्ठा कळावी, असाच तो प्रकार होता. चित्रफितीला अशी साक्ष पुरेशी मिळत नाही, कारण फीत पाहणारा माणूस सहसा पाहतो आणि निघून जातो. म्हणून यूट्यूबने प्रारंभी किती वेळा पाहिली गेली ही संख्या प्रमाण मानली, आणि तिचे व्हायचे तेच झाले. भडक चित्र आणि फसवे शीर्षक लावून हजार माणसांना आत ओढावे, त्या हजारांनी दहाव्या सेकंदाला वैतागून दार लोटून घ्यावे, तरी खात्यावर हजार जमा. ही लबाडी ओळखून २०१२ मध्ये कंपनीने मोजमाप बदलले. फीत उघडली किती वेळा याऐवजी ती पाहण्यात लोकांनी किती वेळ घालवला यास तिने अधिक महत्त्व दिले. या बदलामुळे पाहण्याच्या संख्येत एकाएकी २० टक्के घट झाली, असे यूट्यूबचे एक प्रमुख अभियंते क्रिस्टोस गुडरो यांनी २०२१ मध्ये लिहून ठेवले आहे. स्वतःच्या जमाखर्चातील एवढा आकडा खाली येऊ देणे कोणत्याही व्यापारी संस्थेला सुखाचे नसते, हे ध्यानात घेतले म्हणजे तो निर्णय किती विचारपूर्वक झाला असेल ते समजते. २०१६ मध्ये पॉल कव्हिंग्टन, जे ॲडम्स आणि एम्रे सार्गिन या तिघा अभियंत्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधातही, शोधाविषयी नव्हे तर शिफारशींविषयी लिहिताना, हेच सूत्र आहे: लाखो फितींतून आधी काही शेकडा वेचायच्या, मग त्यांना क्रम लावायचा, आणि क्रम लावताना टिचकी पडण्याचा संभव न पाहता पाहण्यात जाणारा अपेक्षित काळ पाहायचा.

येथे मात्र माझ्या मते या संपूर्ण विषयाचे मर्म आहे, आणि म्हणून येथे थोडे थांबतो. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये आपल्या शास्त्राची जी पाच सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांतील चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याची आज्ञा करते. शोधाचा धर्म तोच आहे. शोधणारा माणूस अडलेला असतो, त्याला उत्तर हवे असते आणि ते मिळताच त्याला आपल्या कामाला लागायचे असते. उलट, जाहिरातींवर चालणाऱ्या मंचाचा स्वार्थ पाहणाऱ्याचा वेळ वाचण्यात नसून तो खर्ची पडण्यात आहे. एका छपराखाली नांदणाऱ्या या दोन परस्परविरुद्ध प्रेरणांची ओढाताण फीत करणाऱ्याच्या वाट्याला येते, आणि तिचा पहिला बळी म्हणजे ते लांबलचक प्रास्ताविक, ज्यात वक्ता आधी नमस्कार करतो, मग वर्गणीदार होण्याची विनंती करतो, मग मागच्या फितीला मिळालेल्या प्रतिसादाबद्दल आभार मानतो, आणि अखेर पाचव्या मिनिटाला मूळ मुद्द्याचे सूतोवाच करतो. पाहण्याचा काळ वाढावा या समजुतीने केलेला हा विस्तार बव्हंशी आत्मघातकी ठरतो. शोधातील क्रमाविषयी यूट्यूबने स्वतःच जाहीर केलेले निकष तीन: फीत प्रश्नाशी कितपत जुळते, पाहणारे तिच्यात कितपत रमतात, आणि त्या विषयावर ती वाहिनी कितपत विश्वासार्ह आहे. यांतील दुसरा निकष मोजताना त्या विशिष्ट प्रश्नाने आलेल्या माणसांनी ती फीत किती पाहिली, हेही विचारात घेतले जाते. अडलेला माणूस पहिल्या अर्ध्या मिनिटात उठून गेला, तर दुसऱ्या कोणा रिकामटेकड्याने ती फीत आनंदाने संपूर्ण पाहिल्याचा त्या प्रश्नापुरता फारसा उपयोग नाही. तात्पर्य, मंचाच्या स्वार्थाची चिंता मंचाने करावी. फीत करणाऱ्याने शोधणाऱ्याची बाजू घ्यावी, आणि त्यातच त्याचे हित आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शोधणाऱ्याची बाजू घेणे म्हणजे प्रथमतः त्याचा प्रश्न त्याच्या शब्दांत जाणणे. नाशिककडच्या एखाद्या जाणत्या बागायतदाराने ऑक्टोबरमध्ये फळछाटणी कशी करावी, काडीवर किती डोळे राखावेत, छाटणीनंतर पेस्ट केव्हा आणि कशी लावावी, परतीच्या पावसात डाउनीपासून बाग कशी सांभाळावी, हे सर्व उभ्या वेलीपाशी राहून दाखविले आहे असे समजा. त्याच्या ज्ञानाला तोड नाही, परंतु फितीचे शीर्षक आहे, ‘नमस्कार शेतकरी मित्रांनो, आजचा खास व्हिडिओ, शेवटपर्यंत नक्की पाहा’. आता ज्याच्या बागेत काल छाटणी झाली आणि आज आभाळ भरून आले, तो माणूस हे शब्द शोधणार आहे काय? तो लिहील, ‘छाटणीनंतर पाऊस आला तर पेस्ट कधी लावावी’, आणि या प्रश्नातील एकही शब्द त्या शीर्षकात नाही. यूट्यूब शीर्षकाला १०० अक्षरे देतो, वर्णनाला ५,००० आणि टॅगांना एकंदर ५००. यांपैकी शीर्षकाचे पहिले काही शब्दच मोबाइलच्या पडद्यावर मावतात आणि वर्णनाच्या आरंभीच्या एकदोन ओळीच न उघडता दिसतात. म्हणून पिकाचे नाव, कामाचे नाव आणि हंगाम ही त्रयी आरंभी आली पाहिजे, आणि वर्णनात फितीतील मजकुराचा खरा गोषवारा, चांगल्या संपादकाने अनुक्रमणिकेत द्यावा तसा, वाहत्या वाक्यांत आला पाहिजे. वर्णनाच्या जागी टॅगांची पोतडी रिकामी करण्याची जी पद्धत काही ठिकाणी रूढ आहे, ती निरुपयोगी तर आहेच, शिवाय यूट्यूबच्या नियमांनुसार दंडनीयही आहे. टॅगांविषयी म्हणाल तर शोधात त्यांचे काम अत्यल्प असल्याचे कंपनीच सांगते. ज्या शब्दांचे शुद्धलेखन लोक हमखास चुकतात, त्यांच्यापुरता त्यांचा उपयोग.

हे शेवटचे वाक्य इंग्रजी वाचकाने सहज ओलांडून जावे. मराठी वाचकाने तसे करू नये. आपल्याकडे ऱ्हस्वदीर्घाचा घोळ जुना आहे. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली, तरी ‘पुरण’ आणि ‘पूरण’ ही दोन्ही रूपे शोधपेटीत सुखाने नांदतात. त्यात विभक्तिप्रत्ययांनी शब्दाचे सामान्यरूप बदलते. ‘बाग’ शोधणारा ‘बागेतील’, ‘बागेला’, ‘बागांची’ अशा कितीतरी वेषांत येतो. त्यात पुन्हा फार मोठा समाज मराठी प्रश्न रोमन अक्षरांत लिहितो, आणि तेथे तर शुद्धलेखनाचा कसलाच कायदा नाही. ‘द्राक्ष’ या शब्दाच्या जोडाक्षरासाठी एक जण तीन अक्षरे खर्च करतो, दुसरा ‘एक्स’ या एकाच अक्षरावर काम भागवतो. एवढ्याने भागले असते तरी ठीक होते. परंतु ‘ॲ’ हे अक्षर यूनिकोडमध्ये २००८ मध्ये स्वतंत्रपणे दाखल झाले, त्यापूर्वी ते ‘अ’ वर अर्धचंद्र चढवून लिहीत आणि आजही कित्येक लिहितात, त्यामुळे डोळ्यांना एकरूप भासणारे दोन शब्द संगणकाच्या दफ्तरी दोन निरनिराळ्या नोंदी असू शकतात. शोधयंत्रे असे भेद पुष्कळसे मिटवून घेतात, पण सर्वच मिटतात असे गृहीत धरण्याचे धाडस मी करणार नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने आवाजी लेखनाची सोय मराठीसह आठ भारतीय भाषांना उपलब्ध करून दिली, आणि तेव्हापासून जे प्रश्न पूर्वी दोन शब्दांत टंकले जात, ते आता संपूर्ण वाक्यात, बोलीच्या लयीत, क्वचित गावच्या हेलासह विचारले जातात. या सर्व वाटांनी येणाऱ्याला एकाच दारी आणायचे, तर शीर्षक देवनागरीत प्रमाण रूपाने लिहून वर्णनात रोमन रूप एकदा सहजगत्या यावे, आणि फितीला स्वतः तपासलेली मराठी उपशीर्षके जोडावीत. उपशीर्षकांचा हा खटाटोप कंटाळवाणा आहे यात वाद नाही. परंतु बहिऱ्या प्रेक्षकालाही फीत समजते आणि यंत्रालाही तिच्यातील प्रत्येक शब्द मिळतो, असा दुहेरी लाभ देणारे दुसरे साधन मला माहीत नाही.

प्रकरणवार विभागणीचे महत्त्व याच जातीचे. वर्णनात वेळेच्या नोंदी ००:०० पासून चढत्या क्रमाने दिल्या, त्या किमान तीन असल्या आणि प्रत्येक विभाग निदान १० सेकंदांचा असला, की फितीचे आपोआप अध्याय पडतात, आणि अडलेला माणूस थेट आपल्या अध्यायावर उतरतो. त्यामुळे एकूण पाहण्याचा काळ घटेल अशी भीती काहींना वाटते. मला ती पटत नाही. उत्तर कोठे आहे हे न कळल्यामुळे निघून गेलेल्या माणसाचा काळ शून्यच असतो. थंबनेल म्हणून लावावयाच्या चित्राविषयी, अक्षरे मोठी असावीत आणि जे फितीत नाही ते चित्रात नसावे, यापलीकडे मजजवळ सांगण्यासारखे काही नाही.

ज्या संस्था आपली व्याख्याने यूट्यूबवर न ठेवता स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवतात, त्यांच्यासाठी गूगलचा दरबार वेगळी कागदपत्रे मागतो. २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून पानांच्या वर्णनाची जी सामायिक परिभाषा ठरविली, तिच्यात चित्रफितीसाठी स्वतंत्र दाखला आहे. त्यावर फितीचे नाव, चित्राचा पत्ता आणि प्रकाशनाची तारीख या तीन नोंदी गूगलला अनिवार्य वाटतात, आणि त्या नसतील तर बाकीचा थाट व्यर्थ. शिवाय २०२३ पासून गूगल आपल्या व्हिडिओ विभागात तीच पाने दाखविते, ज्यांवर चित्रफीत हाच मुख्य मजकूर आहे. एका लांबलचक वार्षिक अहवालाच्या तळाशी पाहुण्यांचे भाषण चिकटवून ठेवणाऱ्या संस्थाचालकांनी प्रत्येक भाषणाला स्वतंत्र पान देण्याची तजवीज केली, तर मराठी वक्तृत्वाचा पुष्कळसा ठेवा विनाखर्च उजेडात येईल.

आता एका अप्रिय गोष्टीविषयी. या विषयाभोवती मध्यस्थांची एक जमात उभी राहिली आहे, जी पहिल्या क्रमांकाची हमी देते, विकतचे प्रेक्षक पुरविते आणि गुप्त सूत्रांच्या नावाखाली भोळ्या माणसांकडून मोबदला उकळते. हमी देणारा माणूस एकतर अज्ञ असतो किंवा अप्रामाणिक, कारण क्रम हा प्रत्येक प्रश्नागणिक, आणि काही अंशी प्रत्येक पाहणाऱ्याच्या पूर्वेतिहासागणिक बदलतो. स्वतःच्याच फोनवर स्वतःचीच फीत शोधून ती सर्वांत वर पाहून हर्षभरित होणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. यंत्राने त्यांची आवड त्यांनाच परत केली होती, एवढेच. परंतु मध्यस्थांना बोल लावताना मूळ दरबारालाही निर्दोष सोडता येत नाही. ज्या न्यायासनाचे निकष ढोबळपणे जाहीर होतात, पण निकालपत्र कधीच मिळत नाही, ज्याचे नियम अर्जदाराला न विचारता बदलतात आणि ज्याच्यापुढे अपिलाची वाट जवळजवळ नाही, त्याच्या दाराशी दलाल जमायचेच. नियम पूर्णपणे उघड केले तर लबाडांना रान मोकळे मिळेल, हा कंपनीचा युक्तिवाद निराधार नाही. तथापि मराठीसारख्या भाषेत, जेथे यंत्राचे वाचन अद्याप इंग्रजीइतके पक्के झालेले नाही, तेथे फीत खाली का गेली, तिच्या दोषाने की यंत्राच्या अपुऱ्या समजुतीने, हे कळण्याचा हक्क ती करणाऱ्याला असावा, असे मला वाटते. प्रस्तुत पुस्तकाचे कर्ते या बाबतीत माझ्याहून अधिक सौम्य आहेत. ते यंत्राशी भांडत नाहीत, त्याचे कौतुकही करीत नाहीत. हाताशी जे आहे त्यातून प्रामाणिक माणसाला काय साधता येईल, एवढेच ते शांतपणे सांगतात, आणि व्यवहाराच्या पुस्तकाला तीच वृत्ती शोभते.

वाचकांस एकच विनंती. पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी आपल्या वाहिनीवरील एखादी जुनी फीत निवडावी, तिचे शीर्षक आणि वर्णन कागदावर उतरून घ्यावे, आणि त्या फितीत ज्या प्रश्नाचे उत्तर आपण दिले आहे, तो प्रश्न त्याखाली अडलेल्या माणसाच्या शब्दांत लिहावा. तो कागद जवळ ठेवूनच पुढील पाने वाचावीत.